नातीनं पास म्हटलं

वालरू
३ मार्च २०२३

टॅम्सिन,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद. बरंच झालं. फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतेस. कागदावर तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

परवा तुझ्या आईचा फोन आला. ग्लेनिस म्हणाली, "सख्ख्या नातीला पंचाच्या हवाली करणारी आजी अख्ख्या देशात तू एकटीच असशील, आई." मी म्हटलं, "असू दे. एकटीच असले की पहिला नंबर नक्की." तिनं फोन आपटला. माझ्या पत्त्यांवर जेवून वाढली ही मुलगी, पण पोकर कशाशी खातात ते तिला अजून ठाऊक नाही. मग मीच परत फोन लावला आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. ग्लेनिस, प्रत्येकाच्या हातात दोन पानं, ती ज्याची त्याला ठाऊक. मधे पाच पानं उघडी, ती सगळ्यांची. सातांतली ज्याची पाच भारी, त्याचा डाव. अ‍ॅडलेडच्या स्पर्धेचा तिसरा दिवस, टेबलावर नऊ जण, आणि त्या डावात शेवटी उरलो मी आणि तुझी लेक. मधे इस्पिकची तीन पानं. तिच्या हातात इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचीच सत्ती. त्या मांडणीत त्याहून भारी काही असूच शकत नव्हतं. तिला हरवणं देवाच्याही हातात नव्हतं. मी पास म्हटलं, म्हणजे पैसे न लावता बारी पुढे दिली. शेवटची बोली तिची. तिनं लावायचं, मी बघायचं आणि मरायचं, असा तो डाव. आणि तुझी लेक म्हणाली, "पास."

मग पैसे न वाढवताच पानं उघडली, आणि तिनं मला सोडल्याचं अख्ख्या टेबलानं बघितलं.

ग्लेनिस म्हणते, "मग काय झालं? पोरीनं आजीवर दया केली. त्याची कसली शिक्षा?"

शिक्षा त्याचीच. टॅम्सिन, माझ्या चिप्स, त्या पैशाच्या चकत्या, तू वाचवल्यास म्हणजे बाकीच्या सात जणांच्या ताटातून काढून मला वाढल्यास. खेळात ओळखीच्याला हळू मारणं ही लबाडीच, आणि ती प्रेमानं केली म्हणून कमी होत नाही. मी हात वर केला. पंच आला, माझ्याकडे असा बघायला लागला की बाई, नक्की ना? मी म्हटलं, "नियम तुम्हाला पाठ नसेल तर मी म्हणून दाखवते." तुला एक फेरी टेबलापासून लांब उभं केलं. त्यानंतर तुझा खेळ गेला तो गेलाच, दिवस मावळायच्या आत तू बाहेर. मी तिसरी आले. तिसऱ्या नंबरचा चषक सध्या मोरीचं दार उघडं धरून उभा आहे.

आता तुला एक सांगते, ग्लेनिसला नाही. तुझी आई रांगत होती तेव्हाची गोष्ट. तुझा आजोबा क्लॅरी "चार दिवस मासेमारीला जातो" म्हणून गेला होता, तो अजून यायचाय. मी पबमध्ये भांडी घासायची आणि शनिवारी पोर्ट ऑगस्टाला रेल्वेवाल्यांच्या डावात बसायची. पहिल्याच शनिवारी हरले. लेस हॉकिंग म्हणून इंजिन ड्रायव्हर होता, त्यानं जिंकलेले पैसे माझ्याकडे परत सरकवले. "घे बाई, लेकराला दूध आण." मी ते परत त्याच्याकडे सरकवले. त्याला वाटलं गर्विष्ठ आहे. गर्विष्ठ होतेच. पण मला हेही कळलं होतं की पैसे घेतले तर पुढच्या शनिवारी मला खुर्ची मिळणार नाही. बाईला घरी पाठवायची ती सभ्य रीत असते.

पुढच्या शनिवारी खुर्ची होती. तिथून पर्थ, मेलबर्न, लास वेगास. इतक्या वर्षांत मला शिव्या दिल्या, मला बघून लोक टेबलावरून उठले, एकानं तर माझ्या टोपीवर बिअर ओतली. पण कुणी हळू मारलं नाही. कपाटातले सगळे चषक एका बाजूला आणि ती एक गोष्ट एका बाजूला.

ती तू घालवलीस. का, तेवढं लिही.

नॅन


फूट्सक्रे, मेलबर्न
१४ मार्च

नॅन,

दया-बिया काही केली नाही मी. सकाळपासून बसून डोकं उठलं होतं. मला वाटलं माझी सत्ती किलवरची आहे. काळं पान, घाईत बघितलं, चुकलं. तू कधी चुकली नाहीस का?

तू हात वर करण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचंस तरी. एकदा. मी सांगितलं असतं.

आता काय झालंय ते ऐक. तुझा फोटो जिकडे तिकडे फिरतोय. "आजी असावी तर अशी." त्याखाली माझं नाव, आणि नावापुढे लोकांनी जे लिहिलंय ते तू वाचलंस तर हसशील, म्हणून पाठवत नाही. बुधवारी इथल्या पबच्या लीगमध्ये गेले. पानं उचलली की मागून कुणीतरी ओरडतं, "पास!" आणि सगळा बार खिदळतो. बारवाली पोरगीसुद्धा. काल मी बिअर मागितली तर म्हणाली, "बघ हं, नक्की हवी ना? की पास?"

आई म्हणते, आता तरी नर्सिंगचं राहिलेलं वर्ष पुरं कर. पाच वर्षं मी यावर पोट भरतेय हे तिला दिसत नाही. पण गेले दोन आठवडे तिचं म्हणणं मी पूर्वीसारखं हसण्यावारी नेलेलं नाही.

ऑगस्टच्या मेलबर्नच्या स्पर्धेत तू नाव दिलंयस असं कळलं. मग मी देत नाही. तू बसशील त्या खोलीत मी बसणार नाही. याच्यावर माझ्याशी घासाघीस करू नकोस.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलीस का? आई विचारत होती.

टॅम्सिन


वालरू
२२ मार्च

टॅम्सिन,

खोटं बोलायचं तर नीट बोल. तुला येत नाही ते, कधीच आलं नाही.

ज्याला आपल्या पानांची शंका असते तो पानं परत उचलून बघतो. तू उचललीच नाहीस. माझ्या तोंडाकडेही बघितलं नाहीस. तू माझ्या हातांकडे बघत होतीस, टक लावून, जशी धक्क्यावरची मांजर मासेवाल्याच्या हातांकडे बघते. सगळं आपल्या मुठीत आलं की तू समोरच्याच्या हातांकडे बघतेस. सात वर्षांची होतीस, माझ्या स्वयंपाकघरात शेजारच्या बेरिलबरोबर पत्त्यांचा युकर खेळायचीस, तेव्हापासून. मोठा गुलाम, त्या खेळातलं सगळ्यात भारी पान, हातात आला की बेरिलच्या अंगठ्या बघत बसायचीस. हे मी तुला फुकट सांगतेय. बाकी जगानं हजार डॉलर टाकले असते तरी सांगितलं नसतं.

म्हणजे तुला पुरतं ठाऊक होतं काय हातात आहे ते. किलवरची सत्ती म्हणे. तुझ्या वयात काळं काळं सारखं दिसत नसतं.

माझ्या डोळ्यांना धाड भरलेली नाही. धक्क्यावर उभी राहून जाळ्यातले निळे खेकडे नर का मादी ते सांगते मी. तुझ्या आईला सांग, हॉस्पिटलातल्या स्वतःच्या पेशंटांचं बघ.

नर्सिंग करायचं तर कर. चांगलं काम आहे. पण लोक हसतात म्हणून करू नकोस. मी घरासाठी बँकेत गेले तेव्हा मॅनेजरनं विचारलं, व्यवसाय? मी म्हटलं, पत्ते. तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. कागदावर त्यानं "गृहिणी" लिहिलं. दोन वर्षांनी त्याच्या टेबलावर सगळं कर्ज रोख ठेवलं आणि म्हटलं, "घ्या, गृहिणीकडून."

खरं काय ते लिही. नाहीतर लिहूच नकोस.

नॅन


फूट्सक्रे
९ एप्रिल, ईस्टर

नॅन,

मागितलंस म्हणून लिहितेय. वाचून झाल्यावर फाडून टाक, नाहीतर फेकून मार, तुझ्यावर आहे.

त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधीचा डाव आठव. तो टक्कल पडलेला, गोल्ड कोस्टचा, त्यानं मोठी रक्कम लावली. तू पुरी केलीस आणि पानं उलटलीस. म्हणालीस, "एकाच रंगाची पाच. इस्पिक." आणि त्यातलं एक किलवर होतं.

सगळे हसले. टकल्या म्हणाला, "म्हातारी आमची फिरकी घेतेय." तूही हसलीस. पण हसायच्या आधी तू मान पुढे काढून त्या पानाकडे बघितलंस. मग हसलीस. मी तुझ्या शेजारीच होते. तुझा कान लाल झाला होता, नॅन. तुझा कान कधी लाल होत नाही. क्लॅरी आजोबाचं नाव निघालं तरी होत नाही.

त्यानंतर मी बघत राहिले. डावामागून डाव तू पानं उचलून दिव्याकडे वळवत होतीस. पुढे पानं उघडी पडली की कळायचं, लाल आलं की एकदाच. काळं आलं की दोनदा.

मग तो आपला डाव आला. मी लावलं असतं तर तू पुरं केलं असतंस, तुझ्याकडे राजांची जोडी होती. तुझं सगळं माझ्याकडे आलं असतं. आणि मला वाटलं, उद्या लोक म्हणतील वर्ना ट्रेझाइझ संपली, तिला पानं दिसत नाहीत, आणि तिला संपवलं कुणी तर तिच्या नातीनं, जिला हे माहीत होतं. ज्या बाईनं मला पत्ते पिसायला शिकवले तिला आंधळी असताना लुबाडायचं माझ्यानं झालं नाही. तोंडातून पास निघून गेलं.

किलवरची सत्ती मी तुझ्याचकडून उचलली. तुझी चूक माझी म्हणून सांगितली. तुला ती ओळखू येईल असं वाटलं होतं. आलीच असणार.

झालं खरं सांगून. आता सांग, तुला लागलं की मला?

टॅम्सिन


वालरू
२९ मे

टॅम्सिन,

फाडलं नाही. फेकूनही मारलं नाही, तू लांब आहेस.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिता येत नव्हतं. अ‍ॅडलेडला जाऊन मोतीबिंदू काढून आले. आधी उजवा, मग डावा. तुझ्या आईला सांगितलं नव्हतं, नाहीतर ती सुई-दोरा घेऊन स्वतःच आली असती. बेरिलनं नेलं-आणलं आणि वाटेत तोंड एक मिनिट मिटलं नाही. भूल मला दिली होती, ती तिला द्यायला हवी होती.

आता दिसतंय. फार दिसतंय. बेरिलचं घर इतकी वर्षं मला पिवळट वाटायचं, ते पांढरं आहे. माझे पडदे मला पांढरे वाटायचे, ते पिवळे आहेत. आरशात कोण आहे ते विचारू नकोस.

तर, तुझं बरोबर होतं. ते किलवर होतं. मला वर्षभरापासून ठाऊक होतं की काळ्यात घोटाळा होतोय. पण कुणाला दिसत नाही तोवर ते नाहीच, असं मी धरून चालले होते. खेळात असंच चालतं.

आता मुद्द्याचं. त्या टेबलावर सात पुरुष होते. टकल्या तीस वर्षं खेळतोय. तो टोपीवाला पोरगा स्वतःला यंत्र समजतो, हिशेबाशिवाय शिंकत नाही. त्यांच्यापैकी एकालाही दिसलं नाही. त्यांना वाटलं म्हातारी कोल्हीण खेळ करतेय. तुला दिसलं. एका कानावरून. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि ओव्हनमधल्या खिमा भरलेल्या पेस्ट्या जळाल्या. शेजारणीच्या दाराशी गेले आणि म्हटलं, "बेरिल, पोरीनं माझा कान वाचला!" ती म्हणाली, "कसला कान?" तिला काय सांगायचं. या गावात ज्याला सांगावं असा माणूस नाही.

आणि एवढं दिसल्यावर तू काय केलंस? पास. हात दाखवून अवलक्षण. टॅम्सिन, समोरच्याचं जे दिसतं तेच आपलं भांडवल. कुणाचा हात थरथरतो, कुणाला घरी भांडण झालेलं असतं, कुणाला पान दिसत नाही. मी उभ्या आयुष्यात तेवढंच विकून खाल्लं. लेस हॉकिंगचा दात दुखत होता त्या शनिवारी मी त्याला नागवला. मला दिसत नव्हतं तर मी घरी बसायला हवं होतं. मी बसले नाही, खुर्चीत येऊन बसले, म्हणजे मला मारायला मी स्वतःच तुला बोलावलं होतं. तू मला वाचवलं नाहीस. तू मला टेबलावरून उठवून सोफ्यावर नेऊन बसवलंस, हातात चहाचा कप दिलास.

कुणाला लागलं, विचारतेस. तुला लोकांचं लागलं. मला तुझं.

हे एकाच रीतीनं फिटतं. ऑगस्टला नाव दे. मेलबर्न तुझं गाव, गाडीभाडंही नाही. एकाच टेबलावर आलो तर आलो. माझे डोळे आता नवे आहेत, तुला सबब नाही. मला तुझ्याकडून खरा मार पाहिजे. तो मिळाला नाही तर मी खेळ सोडेन, कारण मग बाकीचेही हळू मारायला लागतील, आणि तो माझा शेवट असेल. आणि तूही सोड. दया येणाऱ्यानं नर्स व्हावं.

नॅन


फूट्सक्रे
११ जून

नॅन,

नाव दिलं.

अटी तीन. टेबलावर मला "पोरी" म्हणायचं नाही, माझ्या बाहीला लागलेलं काही झटकायचं नाही आणि "जेवलीस का" विचारायचं नाही. विचारलंस तर मीच पंचाला बोलावीन.

पेस्ट्या जळाल्या याचं वाईट वाटलं. कान वाचल्याचं वाटलं नाही.

टॅम्सिन


फूट्सक्रे
२१ ऑगस्ट

नॅन,

तू तशीच बस पकडून निघून गेलीस. "पत्र लिही" एवढंच म्हणालीस. माझे पुढे दोन दिवस खेळायचे होते, नाहीतर स्टँडवर येऊन तुला धरलं असतं.

मी जिंकले. तुला कळलंच असेल. चषक फ्रिजवर आहे, त्याच्यावर मी भांडी पुसायचं फडकं टाकलंय. ते का, तेवढं या पत्रात.

आपला डाव. मधे बदामची राणी, बदामची अठ्ठी, किलवरची तिर्री, मग बदामची पंजी, शेवटी चौकटची दुर्री. म्हणजे कुणाच्या हातात बदामची दोन पानं असतील तर त्याची एका रंगाची पाच. माझ्या हातात बदामचा नुसता एक्का होता आणि त्याच्या शेजारी किलवरची सत्ती. म्हणजे काही नव्हतं. शून्य. पण बदामचा एक्का माझ्याकडे आहे म्हणजे तो तुझ्याकडे नाही, सगळ्यात भारी पाच तुझी असूच शकत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. तू लावलंस. मी माझ्याकडचं सगळं मधे ढकललं. हूल दिली.

आणि मी तुझ्या हातांकडे बघत बसले.

मुद्दाम, नॅन. तूच लिहिलं होतंस मार्चमध्ये, सगळं मुठीत असलं की मी समोरच्याच्या हातांकडे बघते. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं. जून-जुलै आरशासमोर बसून शिकले, मुठीत काही नसताना तसंच बघायचं. तुझ्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग मला पाठ झालाय.

तू खूप वेळ घेतलास. त्या टोपीवाल्यानं घड्याळ लावायची मागणी केली तेव्हा तू त्याला म्हणालीस, "बाळा, तुझ्या वयाच्या चपला आहेत माझ्याकडे, गप बस." सगळे हसले, मी हसले नाही. मग तू पानं टाकलीस, डाव सोडलास. मी माझी एक्का-सत्ती उलटून दाखवली आणि टेबलावर जो आरडाओरडा झाला तो तू ऐकलासच. थोड्या वेळानं टकल्यानं तुझं उरलेलं घेतलं आणि तू गेलीस.

त्या दिवसापासून मला कुणी "पास" म्हणून ओरडलेलं नाही. बारवालीनं बिअर फुकट दिली.

पण मी झोपून उठले आणि डोक्यात किडा शिरला. तू, वर्ना ट्रेझाइझ. तू स्वतः लिहिलेलं विसरशील? मी तेच तुझ्यावर चालवणार हे तुला कळलं नसेल? मग तू टाकलंस कशाला? मला बारमध्ये हसतात, मी नर्सिंगला निघालेय, हे सगळं तुला ठाऊक होतं. तू मला तो डाव दिलास का, नॅन? काय होतं तुझ्या हातात?

दिला असशील तर सांग. मी चषक परत नेऊन देते आणि पंचाला काय सांगायचं ते सांगते. फडकं त्यासाठी आहे. तोवर मला तो बघवत नाही.

टॅम्सिन


वालरू
२८ ऑगस्ट

टॅम्सिन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला म्हणून, दुसऱ्यांदा बरं वाटलं म्हणून.

टाकलेलं पान मेलेलं असतं. ते काय होतं हे सांगायचं नसतं, ही आमची रीत. ज्याला बघायचंय त्यानं पैसे टाकावेत आणि बघावं. मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पर्थच्या त्या करोडपतीनं मला एका पानासाठी गाडी देऊ केली होती, त्याला म्हटलं, गाडी चालव आणि जा. तुला सांगते. एकदाच. परत विचारू नकोस.

तीन राण्या. बदामची मधे होती, इस्पिकची आणि चौकटची माझ्या हातात. तुझ्या एक्का-सत्तीला मी झोपेत मारलं असतं.

आता तो किडा काढ डोक्यातून. मी तुला काही दिलं नाही. दिलं असतं तर तीच लबाडी माझी झाली असती, आणि माझा हात किती चटकन वर जातो ते तू अ‍ॅडलेडला बघितलंस. मी स्वतःविरुद्धही तेवढ्याच चटकन वर केला असता.

काय झालं ते ऐक. पत्रात लिहिलेलं मला आठवत होतं, शब्दनशब्द. तू माझ्या हातांकडे बघायला लागलीस आणि मी मनात म्हटलं, आली गंमत, हिनं माझंच पत्र वाचून सोंग घेतलंय का? इथपर्यंत मी बरोबर होते. मग मी तुझ्याकडे नीट बघितलं, नव्या डोळ्यांनी. खांदे सैल, श्वास सावकाश, डोळे माझ्या अंगठ्यावर. आणि मला वाटलं, नाही. ही आमची टॅम्सिन. आजीनं मायेनं लिहिलेलं ही आजीवर चालवायची नाही. तेवढी पक्की नाही ती. आणि मी तीन राण्या टाकल्या.

झाली गोष्ट. समोर खेळणारी बसली होती आणि मला नात दिसली. डॉक्टरनं भिंगं बदलली, हे त्याच्या हातातलं नव्हतं. टेबलावर नात शोधू नये म्हणून मी तुला पानंच्या पानं लिहिली, आणि चूक कुणी केली बघ.

उलटून दाखवलीस ते मात्र मूर्खपणाचं केलंस. फुकट दाखवलंस! आता सगळ्या देशाला कळलं की तू मोकळ्या एक्क्यावर हूल देतेस. ते लपवून ठेवलं असतंस तर वर्षभर त्याच्यावर जेवली असतीस. आनंद झाला म्हणून पानं उलटायची नसतात. आनंद खोलीवर जाऊन करायचा.

मी निघून का गेले ते सांगते. तिथे थांबले असते तर माझं तोंड सगळ्यांना वाचता आलं असतं, आणि ते मला नको होतं. पत्त्यांच्या खोलीत मी ते तोंड कधी केलेलं नाही.

बसमध्ये शेजारी एक बाई बसली, मेंढ्यांच्या फार्मवरची, मांडीवर अंड्यांची टोपली. मी तिला सगळा डाव सांगितला. तिला पत्त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, बिचारी माना डोलावत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्ही हरलात?"

मी म्हटलं, "साफ."

"फसवलं तुम्हाला?"

"नाक धरून."

तिनं मांडीवरची टोपली सावरली. म्हणाली, "मग तुम्ही बल्लारात गाव मागे पडल्यापासून अशा का हसताय?"

मी म्हटलं, "बाई, मला आजपर्यंत असं कुणीच फसवलेलं नव्हतं." तिनं मला दोन अंडी दिली. तिला वाटलं असणार माझं डोकं फिरलंय.

फडकं काढ. ते भांड्यांना लागतं.

नोव्हेंबरात पर्थला आहे मी. तूही असशील. तुझं सोंग आता मला माहीत झालंय, दुसरं शिकून ये.

वर्ना ट्रेझाइझ